वापरलेल्या बंदुकांची खरेदीविक्री आणि दुकानदाराची नोंदवही : अमेरिकन इतिहासातील एक उपेक्षित साधन

शस्त्रांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची दृष्टी सामान्यतः दोन ठिकाणी स्थिरावते : शस्त्र जेथे तयार होते तो कारखाना, आणि ते जेथे चालविले जाते ती रणभूमी. या दोन टोकांच्या मधला काळ मात्र बहुधा अंधारातच राहतो. वस्तुतः बंदूक ही दीर्घायुषी वस्तू आहे. नीट तेलपाणी केलेली बंदूक तिच्या पहिल्या मालकापेक्षा अधिक काळ टिकते. वारसाने, गहाणवटीने, अदलाबदलीने अगर रोख विक्रीने ती एका हातातून दुसऱ्या हातात जात राहते. समाजात प्रत्यक्षात किती शस्त्रे होती, ती कोणापाशी होती आणि कोणत्या स्थितीत होती, या प्रश्नांचे उत्तर कारखान्याच्या उत्पादनाच्या आकड्यांवरून मिळत नाही. ते या मधल्या व्यवहारांत दडलेले असते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हे व्यवहार मोठ्या प्रमाणावर गावातील लहान दुकानांतून होत आले. त्या दुकानांतील जुन्या बंदुकांच्या खरेदीविक्रीचा मागोवा घेणे, आणि त्या व्यवहाराची नोंद इतिहासाचे साधन म्हणून कितपत विश्वसनीय आहे हे तपासणे, एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१. 'जुनी बंदूक' या शब्दांचा अर्थ

वापरलेल्या बंदुकीचा कागदोपत्री उल्लेख चुकीचा वाचला गेल्यास केवढा अनर्थ होतो, याचे एक बोलके उदाहरण अलीकडील अमेरिकन इतिहासलेखनात घडले आहे. एमरी विद्यापीठातील प्राध्यापक मायकेल बेलसाइल्स यांचा 'आर्मिंग अमेरिका' हा ग्रंथ २००० साली प्रसिद्ध झाला. वसाहतकाळात व प्रजासत्ताकाच्या आरंभीच्या काळात अमेरिकन लोकांपाशी बंदुका फारच थोड्या होत्या, आणि ज्या होत्या त्यांतील बऱ्याचशा जुन्या किंवा मोडक्या होत्या, असे प्रतिपादन त्यात होते. त्याला आधार होता मृतांच्या मालमत्तेच्या याद्यांचा. त्या काळी एखादा मनुष्य निधन पावला, की शेजारचे जाणते गृहस्थ त्याच्या घरातील चीजवस्तूंची मोजदाद करून प्रत्येकीची किंमत लिहीत. अशा याद्यांपैकी १७६५ ते १७९० या काळातील केवळ १४.७ टक्के याद्यांत बंदूक आढळते, आणि त्यांतीलही निम्म्याहून अधिक निरुपयोगी म्हणून नोंदलेल्या आहेत, असे ग्रंथकाराचे म्हणणे होते. ग्रंथास २००१ साली बँक्रॉफ्ट पारितोषिक मिळाले.

पुढे जेम्स लिंडग्रेन आदी अभ्यासकांनी मूळ याद्या पुन्हा तपासल्या, तेव्हा हे आकडे टिकेनात. अ‍ॅलिस हॅन्सन जोन्स यांनी १७७४ सालासाठी संकलित केलेल्या ९१९ याद्यांपैकी पुरुषांच्या तपशीलवार याद्यांत निम्म्याहून अधिक ठिकाणी बंदूक होती. प्रॉव्हिडन्स येथील याद्यांत जुन्या अगर मोडक्या म्हणून नोंदलेल्या बंदुकांचे प्रमाण एक-दशांशाहूनही कमी भरले. सॅन फ्रान्सिस्को येथील ज्या याद्या पाहिल्याचे ग्रंथकाराने सांगितले होते, त्या १९०६ सालच्या भूकंपात व आगीत नष्ट झाल्याचे उघड झाले. विद्यापीठाने चौकशी केली. २००२ साली बेलसाइल्स यांनी राजीनामा दिला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पारितोषिक परत घेण्यात आले.

या प्रकरणातील नैतिक बाजू सर्वांना विदित आहे. परंतु त्यात पद्धतीचाही एक धडा आहे, व तो येथे अधिक महत्त्वाचा होय. यादी करणारा 'जुनी बंदूक' असे लिहितो तेव्हा ती चालत नाही असे त्याला म्हणावयाचे नसते. ती नवी नाही, म्हणून तिची किंमत कमी धरली आहे, एवढेच तो सांगत असतो. मोडकी, जुनी, वापरलेली आणि कालबाह्य या चार अवस्था भिन्न आहेत. हा भेद दुकानदाराला आणि गिऱ्हाइकाला नेहमीच ठाऊक होता, कारण त्यावर भाव ठरत असे. इतिहासकाराने तो त्यांच्याकडूनच शिकला पाहिजे.

२. सैन्याची बंदूक गावात येते

वापरलेल्या बंदुकांच्या बाजारास व्यापक स्वरूप आले ते यादवी युद्धानंतर. १८६१ ते १८६५ या काळात एकट्या स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रशाळेत सुमारे ८ लक्ष ठासणीच्या रायफली तयार झाल्या. युद्ध संपताच या अवाढव्य साठ्याचे करावयाचे काय, हा प्रश्न उभा राहिला. ३० मे १८६५ रोजी निघालेल्या सामान्य आज्ञापत्र क्रमांक १०१ अन्वये सेवामुक्त होणाऱ्या सैनिकास आपले शस्त्र विकत घेऊन घरी नेण्याची मुभा देण्यात आली. दर ठरलेले होते : मस्केट ६ डॉलर, स्पेन्सर कार्बाइन १० डॉलर, इतर कार्बाइन व रिव्हॉल्व्हर ८ डॉलर, तलवार ३ डॉलर. ही रक्कम अखेरच्या पगारातून कापून घेतली जाई. साध्या शिपायाचा मासिक पगार त्या वेळी १६ डॉलर होता, हे ध्यानात घेतले म्हणजे हा सौदा त्याला न परवडणारा नव्हता हे समजून येते. येणेप्रमाणे वापरलेल्या बंदुकीचा पहिला मोठा विक्रेता सरकारच ठरले आणि पहिला मोठा खरीददार तीच बंदूक वाहणारा शिपाई.

उरलेला साठा लिलावाने निघू लागला. त्यातच मागून काडतूस भरावयाच्या बंदुकांचा प्रसार झाला आणि ठासणीची रायफल काही वर्षांतच लष्करी दृष्ट्या निकामी ठरली. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात अमेरिकन युद्धखात्याने विकलेली शिल्लक शस्त्रे दलालांमार्फत फ्रान्सला पोहोचली, आणि तटस्थतेचा भंग झाल्याच्या आरोपावरून १८७२ साली सेनेटने चौकशीही केली. देशात राहिलेल्या रायफलींना निराळी वाट मिळाली. व्यापारी नळीतील आटे कापून ती आतून गुळगुळीत करीत, पुढचे लाकूड आखूड करीत, आणि .५८ इंची लष्करी रायफलीची छर्ऱ्यांची शिकारी बंदूक बनवून स्वस्तात विकीत. शेतकऱ्याला कोल्हा, ससा, कावळा मारण्यास एवढे हत्यार पुरेसे होते. रणांगणावरील शस्त्र शेतीच्या अवजारांत जमा झाले ते असे.

या घाऊक व्यापाराचा प्रतिनिधी म्हणून फ्रान्सिस बॅनरमन याचे नाव घ्यावे लागते. स्कॉटलंडमधील डंडी येथे १८५१ साली जन्मलेला हा गृहस्थ बालपणीच ब्रुकलिनला आला. आरमाराच्या लिलावांतील मोडीपासून सुरू झालेला धंदा त्याने जगभर पसरविला. १८९८ च्या स्पॅनिश-अमेरिकन युद्धात हस्तगत झालेल्या स्पॅनिश सामग्रीचा फार मोठा भाग त्याने विकत घेतला. एवढी दारू शहरात ठेवणे अशक्य झाल्यामुळे १९०० साली त्याने हडसन नदीतील पोलेपेल हे बेट खरेदी केले व तेथे किल्ल्यासारखे कोठार उभारले. १९१८ साली तो वारला. १९२० साली कोठारातील दारूचा भयंकर स्फोट झाला. त्याच्या जाड सूचिपत्रांतून लहान दुकानदार माल निवडीत. आज त्या सूचिपत्रांचे मोल अभ्यासकांना अधिक वाटते, कारण कोणते शस्त्र केव्हा मोडीत निघाले आणि कोणत्या भावाने गेले, याचा सलग पुरावा त्यांत सापडतो.

३. लहान दुकान : माल आणि पारख

बॅनरमनसारखे व्यापारी विरळा. सामान्य माणसाची बंदूक गावातल्या दुकानातून येई. हे दुकान पुष्कळदा निव्वळ बंदुकांचे नसे. खिळे, दोर, नांगराचे फाळ यांच्या शेजारी लोखंडी सामानाच्या दुकानात चार-सहा बंदुका भिंतीशी उभ्या असत. कोठे बंदुका दुरुस्त करणारा कारागीरच आपल्या कार्यशाळेच्या दर्शनी बाजूस जुना माल मांडी. शहरात गहाणवटीची दुकाने हे काम करीत. माल येण्याच्या वाटाही ठरलेल्या होत्या. कोणी मरण पावला की त्याची विधवा बंदूक विकावयास आणी. पीक बुडाले की शेतकरी आणी. आणि नवी बंदूक घेणारा जुनी बदल्यात देई. अशा रीतीने लहान दुकान हे गावातील सुखदुःखाचे एक मापकच होते.

जुन्या मालाची पारख ही स्वतंत्र विद्या होती. जाणता गिऱ्हाईक प्रथम नळी उजेडाकडे धरून आतील आटे पाही. काळ्या दारूची राख ओलावा ओढून घेते, आणि न धुतलेल्या नळीला आतून गंज चढून खड्डे पडतात. मग तो दुनळी बंदूक बंद करून नळ्या हलतात काय हे हाताने अजमावी. रिव्हॉल्व्हर असल्यास घोडा चढविताना चक्र नेमके नळीसमोर थांबते की नाही हे पाही. स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या असल्या तर अनाडी हातांनी बंदूक उघडली आहे, असा तर्क तो करी. बाहेरची निळसर झिलई नव्यासारखी चकचकीत आणि कोरलेली अक्षरे मात्र पुसट, असे दिसल्यास जुन्या लोखंडास पुन्हा रंग दिला आहे हे तो ओळखी.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या पारखीला प्राणांतिक महत्त्व आले. १८८६ साली फ्रान्सने धूरविरहित दारूवर चालणारी लेबेल रायफल स्वीकारली. अमेरिकन सैन्याने १८९२ साली क्राग-यॉर्गेन्सन रायफल पत्करली, आणि १८९५ पासून विंचेस्टर कंपनीची ३०-३० काडतुसे शिकाऱ्यांच्या हाती आली. नव्या दारूचा नळीतील दाब जुन्या दारूपेक्षा फार अधिक होता. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून घडविलेल्या दमास्कस नळीच्या देखण्या दुनळी बंदुका काळ्या दारूसाठी केलेल्या होत्या. नवे काडतूस त्यांत बसे. परंतु नळी टिकेलच असा भरवसा नसे. पूर्वी श्रीमंतीचे लक्षण मानली गेलेली नक्षी आता धोक्याची खूण ठरली, आणि अशा बंदुकांचा भाव कोसळला. वस्तू मोडली नव्हती. तिच्या भोवतालचे जग बदलले होते. 'कालबाह्य' आणि 'मोडकी' यांतील फरक येथे स्पष्ट होतो.

दुसरे उदाहरण १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलीचे. १९१७ साली या रायफलींचे काही सांगाडे फुटले, आणि पोलाद तापविण्याच्या सदोष पद्धतीमुळे ते ठिसूळ झाल्याचे निष्पन्न झाले. १९१८ साली पद्धत सुधारली. स्प्रिंगफील्ड शस्त्रशाळेच्या ८,००,००० क्रमांकाखालील आणि रॉक आयलंड शस्त्रशाळेच्या २,८५,५०७ क्रमांकाखालील रायफली तेव्हापासून संशयास्पद मानल्या जाऊ लागल्या. शिल्लक लष्करी रायफली नेमबाजी मंडळांना विकण्यास १९०५ च्या कायद्याने परवानगी दिलेली होती, त्यामुळे हा प्रश्न नागरिकांच्याही दारात आला. बंदुकीवरचा अनुक्रमांक हा वरवर पाहता निर्जीव आकडा. परंतु खरीददाराच्या दृष्टीने तो त्या शस्त्राच्या जन्मकथेचा सारांश होता, आणि ती कथा वाचता येणे हा जीवनमरणाचा प्रश्न होता.

४. नोंदवहीचा उदय

या दीर्घ काळात सरकारला या व्यवहाराविषयी फारशी जिज्ञासा नव्हती. दुकानदार वही ठेवी ती उधारीसाठी. न्यूयॉर्क राज्याने १९११ साली सुलिव्हन कायदा करून लपविता येण्याजोग्या शस्त्रांवर परवाना लादला. १९२७ साली पिस्तुले टपालाने पाठविण्यास संघराज्याने बंदी घातली. पण खाजगी वाहतूक कंपन्यांना ती लागू नव्हती, म्हणून व्यापार चालूच राहिला. १९३४ च्या कायद्याने मशीनगन व आखूड नळीच्या बंदुका यांवर २०० डॉलरांचा कर बसविला. नोंदवहीला संघीय कायद्याचे अधिष्ठान मिळाले ते १९३८ साली. आंतरराज्य व्यापार करणाऱ्या विक्रेत्याने परवाना घ्यावा व विक्रीच्या नोंदी ठेवाव्यात, असे त्या कायद्याने ठरविले. परवान्याची फी होती वर्षाला एक डॉलर. एवढ्या अल्प मोलाने कोणालाही विक्रेता होता येत असे, आणि गिऱ्हाइकाने सांगितलेले नाव खरे की खोटे हे पाहण्याचे बंधन कोणावरही नव्हते.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील मोडीत काढलेल्या लष्करी रायफलींचा पूर अमेरिकेत लोटला. सॅम्युएल कमिंग्ज याने १९५३ साली स्थापलेल्या कंपनीची व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया येथील कोठारे या व्यापाराचे केंद्र बनली. सूचिपत्रातून मागविलेली रायफल स्थानिक दुकानातील नव्या बंदुकीच्या तुलनेने कितीतरी स्वस्त पडू लागली.

याच पार्श्वभूमीवर २२ नोव्हेंबर १९६३ रोजी अध्यक्ष केनेडी यांचा वध झाला. ती रायफल १९४० साली इटलीतील तेर्नी येथे बनलेली वापरलेली लष्करी मानलिखर-कार्कानो होती. आयातदाराच्या वहीवरून शिकागो येथील विक्रेत्याचा पत्ता लागला, आणि तेथील सूक्ष्मपटावर उतरविलेल्या नोंदींत दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत क्रमांक सी २७६६ सापडला. १९६३ च्या मार्चमध्ये ए. हिडेल या खोट्या नावाने, टपालखर्चासह २१.४५ डॉलरांस ती मागविलेली होती. मारेकऱ्याचे रिव्हॉल्व्हरही वापरलेलेच होते. युद्धकाळात इंग्लंडला गेलेले, परत आलेले आणि नळी आखूड करून २९.९५ डॉलरांस विकलेले. वही नसती तर दोन्ही शस्त्रांचा पूर्वेतिहास कळणे दुरापास्त झाले असते. परंतु वहीत लिहिलेले नाव खोटे होते. साधन म्हणून नोंदवहीचे सामर्थ्य आणि दौर्बल्य या एकाच प्रसंगात एकवटलेले दिसते.

रॉबर्ट केनेडी यांच्यावर ५ जून १९६८ रोजी झाडलेल्या गोळ्या याहून अधिक विचार करावयास लावतात. ते आयव्हर जॉन्सन कंपनीचे .२२ चे साधे रिव्हॉल्व्हर होते. ऑगस्ट १९६५ मध्ये लॉस एंजलिसच्या वॉट्स भागात दंगली झाल्या, तेव्हा एका वृद्ध नागरिकाने घराच्या रक्षणासाठी ते विकत घेतले होते. ही पहिली विक्री कागदावर होती. तेथून ते त्याच्या मुलीकडे, तिच्याकडून शेजारच्या तरुणाकडे आणि त्याच्याकडून मारेकऱ्याच्या भावाकडे गेले. हे तिन्ही टप्पे कोणत्याही वहीत नव्हते. माणसांच्या आठवणीवरून ते जुळवावे लागले. भीतीपोटी विकत घेतलेले आणि पुढे नकोसे झालेले शस्त्र तीन वर्षांत कोठून कोठे जाते, हे या उदाहरणावरून दिसते.

५. १९६८ चा कायदा आणि त्याची सीमा

२२ ऑक्टोबर १९६८ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी शस्त्रनियंत्रण कायद्यावर स्वाक्षरी केली. टपालाने व्यक्तीस शस्त्र विकणे बंद झाले. परदेशी लष्करी शिल्लक मालाच्या आयातीस मनाई झाली. प्रत्येक शस्त्रावर अनुक्रमांक आवश्यक ठरला. तोपर्यंत अनेक साध्या .२२ रायफली व शॉटगन यांवर क्रमांकच नसे. विक्रेत्याची फी वर्षाला १० डॉलर झाली. खरीददाराने ४४७३ क्रमांकाच्या नमुन्यावर ओळख देऊन स्वाक्षरी करावी, आणि दुकानदाराने बांधीव वहीत प्रत्येक शस्त्राची आवक व जावक लिहावी, असा दंडक पडला. जुनी बंदूक विकावयास आणणाऱ्याचे नावही आता वहीत येऊ लागले. लहान दुकान येथून पुढे केवळ विक्रीचे ठिकाण न राहता राज्यव्यवस्थेचे अभिलेखागारच बनले.

तथापि या व्यवस्थेत एक मूलभूत उणीव राहिली. शस्त्राचा माग कारखान्यापासून पुढे काढला जातो : निर्माता, घाऊक व्यापारी, किरकोळ दुकानदार, पहिला खरीददार. तेथे साखळी संपते. पहिल्या खरीददाराने बंदूक शेजाऱ्यास विकली आणि शेजाऱ्याने ती दहा वर्षांनी दुसऱ्या गावच्या दुकानात मोडली, तर त्या दुकानाच्या वहीत ती नोंद होते खरी. परंतु ते दुकान कोणते, हे शोधकास कळण्याचा मार्ग नसतो. माहिती अस्तित्वात असते, पण तिच्यापर्यंत जाणारी वाट नसते. १९८६ च्या कायद्याने मध्यवर्ती नोंदपुस्तक तयार करण्यास स्पष्ट मनाई केली. बंद पडलेल्या दुकानांच्या वह्या वेस्ट व्हर्जिनियातील मार्टिन्सबर्ग येथील केंद्रात जमा होतात, पण मालकाच्या नावाने त्यांचा शोध घेता येत नाही. १९९३ साली परवान्याची फी पहिल्या तीन वर्षांस २०० डॉलर झाली, आणि घरातल्या मेजावर व्यापार करणारे असंख्य छोटे विक्रेते धंद्यातून बाहेर पडले.

ही उणीव केवळ अनवधानाने राहिलेली नाही. सरकारापाशी शस्त्रधारकांची यादी असू नये, असे मानणारा मोठा वर्ग त्या देशात आहे; यादीचा उपयोग उद्या जप्तीसाठी होईल, ही त्याची भीती. उलट, माग न लागणारे शस्त्र निरपराधांच्या जिवावर बेतते, असे दुसरा पक्ष म्हणतो. दुकानदाराची वही ही या दोन भीतींमधील तडजोड होय : माहिती लिहिली जावी, पण ती एकत्र होऊ नये.

भारतातील व्यवस्थेशी तुलना केल्यास हा विशेष अधिक उठून दिसतो. १८७८ च्या शस्त्रकायद्याचा उगम परकीय सत्तेच्या अविश्वासात होता; यादीची भीती येथे प्रत्यक्षात उतरलेली होती. स्वतंत्र भारताचा १९५९ चा कायदा १९६२ साली अमलात आला, तरी परवाना मालकाच्या नावाने आणि शस्त्राचा तपशील त्या परवान्यावर, हे तत्त्व कायम राहिले. त्यामुळे येथे वापरलेली बंदूक कायद्याने एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडेच जाऊ शकते, आणि प्रत्येक हस्तांतर कागदावर उमटावे अशी अपेक्षा असते. अमेरिकेत कागद दुकानाबरोबर राहतो. भारतात तो माणसाबरोबर चालतो. साहजिकच दोन्ही देशांच्या इतिहासकारांपुढील साधनांचे स्वरूपही भिन्न आहे. येथील संशोधकाला जिल्हा दप्तराकडे वळावे लागते, तेथील संशोधकाला गावोगावच्या दुकानांकडे.

सारांश, वापरलेल्या बंदुकीचा इतिहास हा बहुतांशी मौनाचा इतिहास आहे. मृताच्या यादीतील दोन शब्द, आज्ञापत्रातील दर, सूचिपत्रातील किंमत आणि दुकानदाराच्या वहीतील एक ओळ एवढ्याच ठिकाणी हे मौन सुटते. ज्या ठिकाणी नोंद नाही तेथे शस्त्र नव्हते असे मानणे ही एक चूक. नोंद आहे तेवढीच हकीकत सत्य मानणे ही दुसरी. पहिलीने एका ग्रंथाची प्रतिष्ठा गेली. दुसरी चूक तपासात झाली तर तिची किंमत याहून मोठी असते. नोंद कोणी केली, कोणत्या सक्तीने केली आणि तिच्यानंतर ते शस्त्र किती हातांतून गेले असेल, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून अशा कागदाचा उपयोग अभ्यासकाने करू नये.